यादीतून नाव काढा

अर्नेस्टीन प्रूइटला कोर्टाचा कागद आला मंगळवारी आणि बँकेचं पत्र आलं शुक्रवारी. मधले तीन दिवस तिने नीट झोप घेतली नव्हती, आणि शुक्रवारनंतर तर झोपेचा प्रश्नच उरला नाही.

कोर्टाच्या कागदात लिहिलं होतं की एकाहत्तराव्या रस्त्यावरच्या घराची मालकीण असूनही तिने घराची पार दैना होऊ दिली आहे. छत खचलंय, खिडक्या फुटल्यात, मागच्या अंगणात जुने टायर आणि गाद्या पडल्यात, शेजाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. दंड लागू झाला आहे. अमुक तारखेला हजर व्हा, नाहीतर वॉरंट निघेल.

"कुणाचं घर?" ओडेसाने विचारलं. ओडेसा तिची थोरली बहीण. तिच्याच घराच्या माडीवर, तिरक्या छताच्या दोन खोल्यांत अर्नेस्टीन गेली तीन वर्षं राहत होती.

"माझं म्हणतायत."

"तुझं कुठलं, अर्नी? ते तर बँकेनं घेतलं."

"मलाही तसंच वाटत होतं."

अर्नेस्टीन क्लीव्हलंडमधल्या एका शाळेत मुख्य स्वयंपाकीण होती. रोज चारशे मुलांना जेवू घालायची. सत्तावन्न वर्षांची, हाडापेराने मजबूत, आवाज असा की जेवणघराच्या एका टोकाला उभी राहून "टोपी काढ" म्हणाली की दुसऱ्या टोकाच्या पोराचा हात आपोआप डोक्याकडे जायचा. एकाहत्तराव्या रस्त्यावरचं घर तिने आणि तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, लग्नानंतर चौथ्या वर्षी घेतलं होतं. पुढे वेंडेलची मूत्रपिंडं गेली. औषधपाणी आणि गळकं छप्पर अशा दोन खर्चांच्या कात्रीत असताना एक टायवाला माणूस घरी आला, तिच्याच टेबलाशी बसून तिने रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेल्या 'पाय'चे दोन तुकडे त्याने खाल्ले, आणि घर नव्याने गहाण ठेवलं तर हप्ता कसा कमी होईल ते समजावून सांगितलं. हप्ता दोन वर्षं कमी होता. मग तो जवळजवळ दुप्पट झाला. तोवर वेंडेल गेला होता.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये कोर्टाचा निकाल आला. घराचा लिलाव होणार, तारीख ठरली. लहानपणी अर्नेस्टीनने शेजारच्या एका कुटुंबाला घराबाहेर काढताना पाहिलं होतं. शेरीफच्या माणसांनी त्यांचं सामान भर बर्फात फुटपाथवर मांडलं होतं. गाद्या, देवाची तसबीर, बाईचे आतले कपडे. ये-जा करणारे बघत होते. आपलं असं कुणी बघायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलेलं होतं. म्हणून लिलावाच्या आठ दिवस आधीच ती निघाली. निघण्यापूर्वी तिने फरशी पुसली, ओव्हन आतून घासला, फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवलं. किल्ल्या पाकिटात घालून ओट्यावर ठेवल्या आणि पाकिटावर लिहिलं, "तळघरातल्या भट्टीचं झाकण जरा वर उचलून लावावं लागतं."

घर घालवणाऱ्या माणसाने यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

बुधवारी शाळा सुटल्यावर ती कोर्टाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आतल्या बाईने पडद्यावर तिचं नाव शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"लिलाव झालेलाच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बँकेनं मागे घेतला. दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये. तुमच्या लिलावाच्या तारखेच्या दोन दिवस आधी."

"का मागे घेतला?"

"कारण लिहिलेलं नाहीय. पण सांगू का, तुमच्यासारख्या पुष्कळ जणी येतात इथे. घराला भाव नाही असं बँकेला दिसलं की ती घेतच नाही. घेतलं तर कर भरा, गवत कापा, खिडक्यांना फळ्या ठोका. त्यापेक्षा सोडून दिलेलं बरं."

"आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

"कायद्यानं सांगायला पाहिजे असं नाहीय, हनी."

अर्नेस्टीनने खिडकीच्या कठड्याला घट्ट धरलं. "म्हणजे गेली तीन वर्षं हे घर…"

"तुमचंच होतं. तुमच्या नावावरून कधी गेलंच नाही."

"मी त्यात राहू शकले असते."

त्या बाईने खाली पाहिलं. निदान खोटी समजूत तिने घातली नाही, एवढं मानायला हवं.

शुक्रवारचं पत्र जाड कागदाचं होतं, आणि सुरुवातच "अभिनंदन!" अशी होती. सरकार आणि मोठ्या बँका यांच्यात झालेल्या तडजोडीनुसार अडचणीतल्या घरमालकांना दिलासा देताना आम्हाला आनंद होत आहे. तुमचं उरलेलं सगळं कर्ज आम्ही माफ केलं आहे. तुम्ही काहीही करण्याची गरज नाही. खाली सही छापलेली होती.

ओडेसाने पत्र मोठ्याने वाचलं. तडजोडीचं तिने टीव्हीवर ऐकलं होतं. बँकांनी न वाचताच हजारो कागदांवर सह्या करून लोकांची घरं घेतली, ते उघडकीला आलं, आणि मग सरकारने त्यांना सांगितलं की आता एवढ्या एवढ्या अब्जांची मदत लोकांना करा.

"म्हणजे चांगलंच की! कर्ज गेलं."

"कर्ज गेलं! आधी घर कुजू दिलं आणि आता ते माझ्या दारात आणून टाकलं. तीन वर्षांपूर्वी हेच पत्र आलं असतं तर मी त्यांचे पाय धुतले असते. आता काय? वरातीमागून घोडं! आणि वर म्हणतात, अभिनंदन!"

"ओरडतेस कुणावर?"

"तू समोर आहेस म्हणून तुझ्यावर."

शनिवारी ती घर बघायला गेली. इतकी वर्षं ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. बसने जायची वेळ आली तरी वळसा घालून जायची. आता तिने गाडी घरासमोरच लावली आणि काही वेळ आतच बसून राहिली. पुढचं गवत नीट कापलेलं होतं. त्याच्या मागे घर म्हणून जे उभं होतं त्याला दार नव्हतं, दाराच्या जागी फळी होती आणि फळीही कुणीतरी एका बाजूने उचकटलेली होती.

आत तांब्याच्या नळ्या नव्हत्या. त्या काढण्यासाठी भिंती कमरेच्या उंचीवर आडव्या फोडल्या होत्या. मोरीचं सिंक नव्हतं, जिन्याचा कठडा नव्हता, तळघरात गुडघाभर काळं पाणी होतं आणि घर गरम ठेवणारी भट्टी नावाची वस्तूच तिथून गेली होती. वेंडेलच्या खोलीच्या छताला आकाश दिसेल एवढं भोक होतं. जमिनीवर कुणाचं तरी जुनं पांघरूण. त्याच्या शेजारी जाळ केल्याची खूण.

तिला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते हे तिला त्या खोलीत कळलं. पायापासून सुरू झाली आणि डोळ्यांपर्यंत पोचली, तेव्हा डोळ्यांत पाणी उरलंच नव्हतं.

बाहेर आली तर शेजारचे मिस्टर ह्रूबी कुंपणाशी उभे. ऐंशीच्या आसपासचा, वाळक्या अंगाचा म्हातारा, वायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्यांचे आईवडील बोहेमियातून आले तेव्हापासून ते कुटुंब त्याच घरात होतं. पूर्वी ते तिला नावाने हाक मारायचे.

"आलात का, मिसेस प्रूइट? सवड झाली?"

"मिस्टर ह्रूबी…"

"तीन वर्षं तुमचं गवत मी कापतोय. माझ्या गुडघ्यात पोलादाचा सांधा बसवलाय, माहितीय? दोन वेळा तुमच्या घराला आग लागली. दुसऱ्या वेळेला माझी बायको, मिलाडा, अंथरुणावर होती. तिला खुर्चीत घालून बाहेर काढली. गेली ती नोव्हेंबरात. शेवटपर्यंत विचारायची, आज धूर येतोय का. आणि तुम्ही हात झटकून चालत्या झालात!"

"मी चालती झाले?"

"मग कोण, मी?"

अर्नेस्टीनने पर्समधून दोन्ही कागद काढले आणि कुंपणावरून त्यांच्या छातीवर जवळजवळ आपटलेच. "वाचा."

ह्रूबींनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी नेऊन वाचू लागले. कोर्टाचा वाचला. बँकेचा वाचला. ती मध्ये मध्ये सांगत होती, लिलाव कसा मागे घेतला, कुणी कसं कळवलं नाही, खिडकीतली बाई काय म्हणाली. 

"मग तीन वर्षं मी शिव्या कुणाला देत होतो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला, असं दिसतंय."

"हो. बहुतेक तुम्हालाच." त्यांनी कागद घडी करून परत दिले. "चेक भाषेत देत होतो, त्यामुळे लागल्या नसतील."

"लागल्या," अर्नेस्टीन म्हणाली. "मिलाडाचं मला कळलं नव्हतं. कळलं असतं तर आले असते."

पुढच्या शनिवारी शहरातल्या एका मोठ्या सभागृहात घरमालकांसाठी मदतमेळावा होता. बँकेच्या पत्रासोबत त्याचा कागद आला होता. अर्नेस्टीन निघाली तेव्हा ह्रूबी चर्चला जायचा कोट घालून तिच्या गाडीशी हजर. "मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "मला फक्त ते कसे दिसतात ते बघायचंय."

आत फुगे लावले होते. बिस्किटं आणि कॉफी ठेवली होती. टेबलांच्या रांगा, आणि टेबलांसमोर लोकांच्या रांगा. प्रत्येकाच्या काखोटीला फाइल. कुणी पाचव्यांदा तेच कागद घेऊन आलेलं, कुणाच्या कडेवर मूल. एक माणूस रांगेतच उभ्या उभ्या डुलकी घेत होता. आणि पुढच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा, माणसाच्या उंचीचा फलक, वर त्या तडजोडीचा निळा शिक्का. त्यावर लिहिलं होतं, "आपल्या जिल्ह्यात दिलासा मिळालेली कुटुंबं", आणि खाली मोठ्या निळ्या अक्षरांत आकडा, अकराशे सेहेचाळीस.

अर्नेस्टीनची पाळी यायला दीड तास लागला. टेबलापलीकडच्या माणसाच्या छातीवर टॉड असं नाव लावलेलं होतं. त्याने तिचा नंबर यंत्रात घातला आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

"मिसेस प्रूइट, तुमचं तर काम झालेलंच आहे! पूर्ण कर्जमाफी. इथे फार थोड्या लोकांना मी हे सांगू शकतो."

"त्या फलकावरच्या आकड्यात मी आहे का?"

"कुठल्या? हां, तो. हो, असणारच. तुमचा दिलासा गेल्या महिन्यात नोंदला गेलाय."

"मला त्यातून काढा."

टॉड हसला. मग त्याच्या लक्षात आलं की समोरची बाई हसत नाहीय. "मॅडम, मला समजलं नाही."

"माझं नाव यादीतून काढा. तिथे अकराशे पंचेचाळीस लिहा."

"मॅडम, ही चांगली बातमी आहे. तुमच्या डोक्यावर आता कर्ज नाहीय."

"डोक्यावर छप्परही नाहीय! तुम्ही मला घराबाहेर काढलंत. लिलावाचा कागद तुम्ही पाठवलात. मग तुम्हाला घर नकोसं झालं, तर तेवढं सांगायला एक फोन नाही केलात. तीन वर्षं मी बहिणीच्या माडीवर वाकून उभी राहतेय, आणि माझं घर तिथे रिकामं पडून कुजत होतं. नळ गेले, भट्टी गेली, दोनदा आग लागली. आता कोर्ट मला गुन्हेगार म्हणतंय. आणि तुम्ही त्या कुजलेल्या घरावरचं कर्ज, जे तुम्हाला कधी मिळणारच नव्हतं, ते सोडलंत आणि सरकारला सांगितलंत की बघा, आम्ही या बाईला मदत केली! मेल्या म्हशीला मणभर दूध!"

आवाज जेवणघराचा होता. आजूबाजूच्या चार रांगा वळल्या. डुलकी घेणारा माणूस जागा झाला.

"मॅडम, जरा हळू बोला."

"मुळीच नाही. तीन वर्षं हळूच बोलत होते."

टॉडच्या कानशिलावर घाम आला होता. वाईट माणूस नसावा तो. पण त्या दिवशी त्या खुर्चीत तोच होता. "हे बघा, नोंद मागे घ्यायची तर दिलासाच मागे घ्यावा लागेल," तो म्हणाला. "म्हणजे कर्ज परत तुमच्या नावावर येईल. तुम्हाला कर्ज परत हवंय का?"

त्याला वाटलं असावं की आता ती गप्प बसेल.

"हो, द्या," अर्नेस्टीन म्हणाली. "कर्ज परत द्या. आणि त्याच्याबरोबर दोन हजार नऊमधलं माझं घरही परत द्या, मी पुसून ठेवलं होतं तसं. मी हप्ता भरते. कुठे सही करू?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दोघा-तिघांनी. ह्रूबींनी काही न बोलण्याचं वचन दिलं होतं ते इतका वेळ पाळलं होतं. आता ते पुढे झाले आणि टेबलावरच्या ताटलीतली सगळी बिस्किटं एकेक करून कोटाच्या खिशात भरू लागले.

"सर, ती सगळ्यांसाठी आहेत," टॉड म्हणाला.

"तीन वर्षांच्या गवताचे," ह्रूबी म्हणाले, आणि ताटली रिकामी केली.

मग निळ्या कोटातली एक बाई धावत आली. ती सरकारच्या बाजूची होती. तिने अर्नेस्टीनला कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेऊन बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

"आमच्याकडे फक्त आकडे येतात," ती शेवटी म्हणाली. "बँका पाठवतात. प्रत्येक घरात जाऊन बघणं आम्हाला शक्य नसतं."

"मी गेले की. बसने वीस मिनिटं लागतात."

त्या बाईने मान हलवली. "तुम्ही लेखी तक्रार द्या. मी स्वतः पुढे पाठवीन."

अर्नेस्टीनने तिथेच बसून लिहून दिलं. मोठ्या, सुवाच्य अक्षरात, शाळेच्या फळ्यावर आठवड्याचं जेवण लिहायची तशा. पहिलं वाक्य होतं, "माझं नाव दिलासा मिळालेल्यांच्या यादीतून काढावं, कारण मला दिलासा मिळालेला नाही."

कोर्टाच्या तारखेला न्यायाधीशांनी तिचे कागद वाचले आणि बँकेच्या वकिलाला फोनवर घेतलं. वकिलाचा आवाज छतातल्या कर्ण्यातून येत होता, अगदी मऊ. आमच्या अशिलाने कर्ज पूर्ण माफ केलेलं असल्यामुळे त्या मालमत्तेशी आता आमच्या अशिलाचा काहीही संबंध नाही, असं तो म्हणाला.

तेव्हा कुठे अर्नेस्टीनला पत्राचा सगळा अर्थ लागला. माफी तिला नव्हती. बँकेने स्वतःलाच माफ केलं होतं.

"मी यांना काही करू शकतो का, असं तुम्हाला विचारायचं असेल," न्यायाधीश म्हणाले, "तर नाही. करता आलं असतं तर मला आवडलं असतं." त्यांनी तिचा दंड रद्द केला. घर मात्र पाडावंच लागेल, ते म्हणाले. पाडण्याचा खर्च तिच्यावर पडणार नाही. राज्याने त्यासाठी वेगळा निधी काढलाय.

"कुठून काढलाय?"

न्यायाधीशांनी फाइल मिटली. "त्याच तडजोडीतून."

ऑगस्टमध्ये, एका बुधवारी सकाळी नऊ वाजता, पिवळं यंत्र आलं. अर्नेस्टीनने रजा काढली होती. ओडेसा येते म्हणाली, तर तिने नको सांगितलं. ह्रूबींनी आपल्या घरातून दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या, पण बसलं कुणीच नाही. यंत्राने आधी वेंडेलच्या खोलीत दात घातले. छप्पर वाळक्या पावासारखं तुटलं. धुळीचा लोट रस्त्यापर्यंत आला आणि पाण्याचा फवारा मारणारा माणूस शिव्या देत मागे सरकला. बारा वाजायच्या आत तळघराचा खड्डा तेवढा राहिला, आणि संध्याकाळपर्यंत तोही मातीने भरला.

मुकादम कागद घेऊन आला. "मालक कोण इथे?"

"मी," अर्नेस्टीन म्हणाली. तिने सही केली. कागदाच्या डोक्यावर तोच निळा शिक्का होता, मेळाव्यातल्या फलकावर होता तो. तिने तो पाहिला आणि पेन मुकादमाच्या हातात न देता जमिनीवर टाकलं. त्याने मुकाट्याने वाकून उचललं.

जागा तिच्या नावावर राहिली. ह्रूबींनी एक डॉलरला मागितली, शेजारची आहे, गवत मीच बघतो म्हणून. तिने दिली नाही. त्यावरून दोघांत आठवडाभर अबोला होता. मग तिने त्यांना रताळ्याचा 'पाय' करून नेऊन दिला, पण जागा नाही म्हणजे नाही.

तक्रारीचं उत्तर नोव्हेंबरमध्ये आलं. आपलं पत्र मिळालं. नियमांनुसार आपल्या कर्जाची माफी ही पात्र मदत असून ती योग्य प्रकारे नोंदवण्यात आली आहे. यादीत बदल करता येत नाही. निळ्या कोटातल्या बाईची सही नव्हती. ती आता त्या कामावर नसल्याचं फोन केल्यावर कळलं.

"आता तरी सोड," ओडेसा म्हणाली. "घर गेलं, कर्ज गेलं, दंड गेला. यादीत नाव राहिलं तर तुझं काय खातंय?"

"खोटं आहे ते."

"जगात काय कमी खोटं लिहिलेलं असतं?"

"माझ्या नावाने नसतं. मी भिक्षा मागत नाहीय, ओडेसा. फक्त मला दिलेलं नाही ते दिलं म्हणून लिहू नका, एवढंच म्हणतेय. मुलाच्या ताटात काही न वाढता मी 'वाढलं' असं वहीत लिहिलं तर मला त्याच दिवशी कामावरून काढतील."

 ओडेसाने पत्र घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन खालचा पत्ता वाचला. राज्याच्या राजधानीतला होता.

"कोलंबसला जाणार आहेस तर," ती म्हणाली.

"सोमवारी. दोन दिवसांची रजा टाकलीय."

"एकटी?"

"म्हातारा येतोय. कोट धुवायला टाकलाय म्हणे."

ओडेसाने सुस्कारा सोडला, कपाटातून पाव काढला आणि प्रवासाच्या डब्यासाठी किती सँडविच लागतील ते विचारलं. तीन कर, अर्नेस्टीन म्हणाली, ह्रूबी दोन खातात.